जगात, पण जगाचे नव्हे

नालासोपारा स्थानकातून पश्चिमेकडे निघाले, की बराच वेळ इमारतींची दाटी सुटत नाही. मग ती हळूहळू विरळ होते, रस्त्याकडेला केळीची पाने डोकावू लागतात, एखाद्या वळणावर झेंडूची माळ घातलेला क्रूस दिसतो आणि गास येते. या गावचे चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने आहे. भारतात जन्मलेल्यांपैकी सर्वप्रथम संतपदाला पोहोचलेला हा वसईचा पुत्र आम्हां वसईकरांना घरातल्या वडीलधाऱ्यासारखा वाटतो. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आमच्याकडे आहे, फेब्रुवारीत त्यांचे स्मरण होते, आणि अडीअडचणीला आमच्या आया-आज्या त्यांच्याकडे धाव घेत आल्या आहेत.

मात्र आम्ही त्यांना ओळखतो ते क्रुसावर. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवण्यात आले, ही कथा धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रत्येक मूल ऐकते. त्या एका दिवसाच्या तेजात आधीची चाळीसएक वर्षे झाकली जातात. आणि आम्हांला आज ज्या प्रश्नाने घेरले आहे, त्याचा उलगडा व्हायचा असेल तर तो त्या झाकल्या गेलेल्या वर्षांतच होईल, असे आम्हांला वाटत आले आहे.

प्रश्न असा. ख्रिस्ती माणसाने इतरांची सेवा करावी, हे आम्ही मिस्सामध्ये ऐकतो. ख्रिस्ती माणूस या जगाचा नाही, हेही ऐकतो. पुष्कळदा एकाच प्रवचनात. ऐकताना दोन्ही गोष्टी पटतात. चर्चच्या पायऱ्या उतरल्यावर मात्र त्यांची गाठ पडत नाही. ज्याला जगाचे व्हायचे नाही, त्याने जगाची गटारे, पाणीपट्टी, दवाखान्याची बिले, सातबारा यांत का पडावे? आणि जो यांत पडला, तो जगाचा झाल्यावाचून कसा राहील? वसईत हा प्रश्न पुस्तकात राहिला नाही, तो रस्त्यावर आला, घराघरांत आला, काही घरांत तर भावाभावांत आला.

आधी ‘जग’ या शब्दाकडे पाहू, कारण निम्मा घोटाळा तेथेच आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात हा शब्द एकाच अर्थाने येत नाही. देवाने आपला पुत्र दिला तो या जगावरील प्रीतीमुळे, असे एके ठिकाणी म्हटले आहे. त्याच लेखकाच्या नावावरील पत्रात जगावर प्रीती करू नका, असे बजावले आहे. यात विसंगती नाही. पहिले जग म्हणजे माणसे, माती, पाणी, देवाच्या हातची निर्मिती. दुसरे जग म्हणजे या निर्मितीत माणसाने उभारलेली एक रीत: मला काय मिळेल, माझे नाव कोठे येईल, कोण माझ्या खाली आणि कोण माझ्या वर, या हिशेबांची रीत. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने पित्याजवळ शिष्यांसाठी जी प्रार्थना केली, तीत त्याने त्यांना जगातून काढून घेण्याची मागणी केली नाही. उलट त्यांना जगात पाठवीत असल्याचे सांगितले. म्हणजे पहिल्या जगात आम्ही खोलवर असावे आणि दुसऱ्याचे चाकर असू नये, असा तो मामला आहे. सांगायला सोपे आहे. अडचण ही, की ही दोन जगे एकाच वाडीत, एकाच बँकेत, एकाच धर्मग्रामाच्या सभेत एकमेकांत मिसळून बसलेली असतात.

आता गोन्सालोंकडे येऊ. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. तेव्हा येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय गुरुजींच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम ते सहज करू शकले. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग ते व्यापारात उतरले. धंद्याने चांगला जम धरला, समुद्रावरून माल घेऊन ये-जा होऊ लागली, हाती पैसा आला. संतचरित्रे या वर्षांवरून घाईघाईने पुढे जातात, जणू काही तो एक आडरस्ता होता. आम्हांला तसे वाटत नाही. बाजारात माणूस परक्यांशी बोलायला शिकतो, शब्द पाळायला शिकतो, आणि नफ्याची चटक काय असते तेही त्याला कळते. ती चटक ज्याने चाखली आहे, त्याच्या त्यागाला वजन असते.

पुढे मनिला येथे त्यांनी व्यापार सोडला आणि ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. दाखल झाले तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसलेले. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंबरोबर ते पुन्हा जपानला गेले. जपानची सत्ता तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी यांच्या हाती होती. पेद्रो बाप्तिस्तांना जपानी येत नव्हते, म्हणून गोन्सालो दुभाषी झाले. क्योतो शहरात या बंधूंनी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभारले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. दुभाष्याचे काम विलक्षण असते. तो दिवसभर बोलतो आणि त्यातले एकही वाक्य त्याचे नसते. दरबारात हिदेयोशींसमोर उभे राहायचे, तर शब्द पेद्रो बाप्तिस्तांचे. रुग्णाच्या खाटेशी बसायचे, तर वेदना रुग्णाची आणि सांत्वन ख्रिस्ताचे, आपण मधले. जी जपानी भाषा त्यांनी धर्मशिक्षक म्हणून शिकली, बाजारात घासाघीस करताना वापरली, तीच आता कुष्ठरुग्णाचे दुखणे समजून घ्यायला उपयोगी पडली. बाजारातले भांडवल त्यांनी बाजारातच ठेवले. भाषा तेवढी बरोबर आणली. जगाचे नसणे म्हणजे जगाने शिकवलेले विसरून जाणे नव्हे, हे आम्ही यातून घेतो. त्या शिकण्याचा धनी कोण, एवढेच बदलते.

या भूमीत अशी आणखी एक कथा आहे, आणि ती आमच्या धर्माची नाही म्हणून सांगू नये असे आम्हांला वाटत नाही. गासला लागूनच सोपारा आहे, प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूप उकरून काढला. बौद्ध परंपरा सांगते, की या बंदरात पूर्ण नावाचा समुद्रव्यापारी होता. तो व्यापार टाकून बुद्धाचा शिष्य झाला आणि त्याने धर्म सांगण्यासाठी एका दांडग्या, उग्र लोकांचा प्रदेश मागून घेतला. ते तुला शिव्या देतील, मारतील, असे गुरूने पुढे ठेवले, तेव्हा त्या प्रत्येकातूनही पूर्णाने त्या लोकांचे भलेपणच शोधले. एकाच खाडीच्या काठचे हे दोन व्यापारी, दोघांमध्ये शतकांचे अंतर आणि दोघांचे धर्म वेगळे; पण दोघेही नफ्याच्या वाटेने दूर गेले आणि नफा सोडून माणसांकडे आले. ख्रिस्ताविषयीची आमची श्रद्धा या साम्याने उणी होत नाही. असलेच तर आम्हांला थोडे ओशाळल्यासारखे होते, की त्या स्तूपाशेजारून आम्ही आयुष्यभर ये-जा केली आणि पूर्णाचे नाव फार उशिरा ऐकले.

गोन्सालोंच्या कथेतही सगळे निर्मळ नव्हते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. फ्रान्सिस्कन बंधू जपानला गेले ते फिलिपिन्सच्या स्पॅनिश राज्यपालांचे वकील म्हणून. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले, त्यातून संशय पेटला, आणि धर्मप्रसारामागून परकी फौज येईल असे हिदेयोशींना वाटू लागले. त्या संशयाला जगाच्या इतिहासात आधार नव्हता असे म्हणण्याचे धाडस आम्ही वसईकरांनी तरी करू नये. किल्ल्याची पडकी तटबंदी आम्ही रोज पाहतो. आमच्या पूर्वजांपर्यंत श्रद्धा पोहोचली ती सत्तेच्या सावलीतून. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, सत्ता गेली, तरी श्रद्धा राहिली, हे तिचे स्वतःचे बळ. पण सेवा आणि सत्ता एकाच जहाजातून येतात, हे खरे. निखळ, धुतलेली, कोणत्याही हिशेबाचा स्पर्श न झालेली सेवा करण्याची संधी कोणालाच मिळत नाही. गोन्सालोंनाही मिळाली नाही. दूतावासाच्या कामाने जाऊन ते रुग्णालयात पोहोचले. पुढे क्योतोमध्ये त्यांचा आणि सोबत्यांचा डावा कान छाटून त्यांची धिंड काढली गेली, हिवाळ्यात महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्या सव्वीस जणांत बहुतेक जपानी प्रापंचिक होते. या प्रवासात वकिली, दूतावास, स्पेनचा राजा यांतले काहीच त्यांच्या कामी आले नाही. जगाकडून मिळालेला कोणताही परवाना जवळ नसताना जे उरले, ते त्यांचे होते.

आता आमच्या काळाकडे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर शहरीकरणाचा मोठा आराखडा आला. बावखले बुजवली जाऊ लागली, विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागले, आणि जमिनीच्या व्यवहाराबरोबर दहशतही आली. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती अशा वेळी, आणि तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, बायबलचे मराठी भाषांतरकार, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ही त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. आम्हांला आठवतो तो मोर्चातला पांढरा झगा. तेव्हा आमच्यातल्याच अनेक भाविकांनी विचारले होते, की धर्मगुरूंचे हे काम आहे काय? वेदी सोडून रस्त्यावर येणे म्हणजे जगाचे होणे नव्हे काय?

प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, आणि विचारणारे सगळे बिल्डरांचे हस्तक नव्हते. त्यांत रोज पहाटे मिस्साला येणाऱ्या, जपमाळ न चुकवणाऱ्या वृद्धाही होत्या. त्यांच्या मनात भय होते, की राजकारणाचा चिखल पवित्र वस्त्राला लागेल. त्याचे उत्तर आम्ही असे देतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याचा रोखच असा आहे, की माणसांचे सुखदुःख ख्रिस्तसभेला परके नाही. पाणी हे सुखदुःख आहे. विहीर आटली की पहिली झळ कोणाला लागते, हे रहाट ओढलेल्या माणसाला विचारावे. चिखल लागेल म्हणून दूर राहणे ही पवित्रता नसून स्वच्छतेची हौस आहे. मात्र एक कसोटी राहते आणि ती त्या भाविकांच्या भयातूनच मिळते: रस्त्यावर उतरलेल्याने स्वतःसाठी काही मागितले काय? पद, जमीन, तिकीट? फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. त्यांच्या मतांशी, त्यांच्या कार्यपद्धतीशी मतभेद असणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्यांनी या चळवळीतून स्वतःसाठी एक गुंठा मिळवला, असे त्यांच्या विरोधकांच्या तोंडूनही आम्ही ऐकलेले नाही.

याहून शांत उदाहरणही आमच्याच दारात आहे. सावकाराच्या विळख्यातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी १९१८ मध्ये वसईत कॅथॉलिक पतपेढी सुरू झाली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. पैसा, व्याज, तारण, जामीन. याहून जगाची वस्तू कोणती असेल? तरी ज्या शेतकऱ्याची वाडी गहाणातून सुटली, त्याला तेथे देवाची दया भेटली असेल. म्हणजे जग पैशात नसते. पैशाकडे पाहणाऱ्या नजरेत असते.

येथवर लिहून लेख थांबवता आला असता, आणि आम्ही स्वतः त्यात कोठे नसल्याने तो सुखाचा झाला असता. पण २०२० च्या टाळेबंदीतली एक गोष्ट आम्हांला सोडत नाही. त्या उन्हाळ्यात वसई-विरार परिसरात हातावर पोट असलेल्यांचे फार हाल झाले. आम्हीही, इतर अनेकांप्रमाणे, काही मंडळी जमवून धान्याची पाकिटे तयार केली: तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण. खारजमिनीच्या कडेला मजुरांच्या झोपड्या आहेत, तेथे ती वाटायची होती. कोणीतरी फलक करून आणला. देणगीदारांना दाखवण्यासाठी फोटो हवेत, हे सर्वांनाच रास्त वाटले, आम्हांलाही. एक माणूस पाकीट घ्यायला पुढे आला आणि फोटोच्या वेळी त्याने मान फिरवली. आमच्यातला एक तरुण म्हणाला, “इकडे बघा, इकडे.” त्याने पाहिले नाही. आम्ही यादी लिहीत होतो, म्हणून नाव विचारले. तो खालच्या आवाजात म्हणाला, “शेठ, मी तुमच्याच वाडीत पाणी लावतो.”

बारा वर्षे तो आमच्या केळींना पाणी लावत होता. आळी करणे, मोटार चालू-बंद करणे, घड उतरवणे, सारे त्याच्या हातचे. घरात त्याचा उल्लेख ‘पाणीवाला’ असाच होत असे. मजुरी वेळेवर दिली जाई, नाताळात कुसवार दिला जाई, त्याच्या मुलाच्या आजारपणात पैसेही दिले होते. आमच्या मते आम्ही चांगले मालक होतो. आणि त्याचे नाव आम्ही प्रथम विचारले ते यादीसाठी.

त्या दिवशी आम्ही सेवा केली नाही, असे म्हणता येणार नाही. तांदूळ खरा होता, भूकही खरी होती. पण आम्ही ती केली ती जगाच्या रीतीने: आम्ही उभे, तो वाकलेला, मध्ये फलक, आणि पलीकडे कॅमेरा. आम्ही स्वतःला जगाचे मानत नव्हतो, रविवार चुकवत नव्हतो, आणि उंच-नीचतेची ती जुनी रीत आमच्या हातून इतक्या सहज वठली, की त्याने मान फिरवली नसती तर आमच्या लक्षातही आले नसते.

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियमात बदल केल्यापासून त्यांत स्त्रियांनाही घेता येते. विधी हृद्य असतो. पण ज्यांचे पाय धुतले जाणार, ते सारे घरून पाय स्वच्छ धुऊन, नवी चप्पल घालून येतात. एकदा आम्हीही त्या बारांत होतो आणि आम्हीही तसेच केले. मळलेले पाय फादरांच्या हातात द्यायला लाज वाटते. पेत्रालाही वाटली होती, आणि येशूने त्याला स्पष्ट सुनावले होते, की हे नाकारलेस तर माझ्याशी तुझा संबंध उरणार नाही. त्या प्रसंगी आमचे लक्ष नेहमी धुणाऱ्याकडे जाते. पेत्राकडे जायला हवे. ज्याला दुसऱ्याकडून काही घेता येत नाही, त्याने दिलेल्यात कोठेतरी फलक दडलेला असतो.

१८३३ मध्ये पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह जी संस्था सुरू केली आणि जी पुढे संत व्हिन्सेंट डि पॉल यांच्या नावाने जगभर पसरली, तिने घरी जाण्यावर भर दिला. गरिबाला बोलावून वस्तू द्यायची नाही. त्याच्या घरी जायचे, बसायचे, ऐकायचे. आमच्या अनेक धर्मग्रामांत या संस्थेचे सभासद आजही गाजावाजा न करता हे काम करतात. पूर्वी आम्हांला ही पद्धत वेळखाऊ वाटे. एका संध्याकाळी दोन घरे होतात. पाकिटे वाटली तर दोनशे होतात.

त्यानंतरच्या नाताळात आम्ही त्या माणसाच्या झोपडीवर गेलो. रिकाम्या हाताने जावे की काही न्यावे, यावर घरात बराच वाद झाला. अखेरीस कुसवार नेला, दरवर्षी त्याला वाडीत देत होतो तोच. त्याने घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर आणली आणि आमच्या पुढ्यात ठेवली. आम्ही बसलो. तो उंबऱ्यावर बसला. म्हणजे येथेही आम्ही वर आणि तो खाली. उठून जमिनीवर बसावे असे मनात आले, पण ते नाटकी दिसेल असे वाटले, आणि खुर्ची नाकारणे हा त्याच्या आतिथ्याचा अपमान झाला असता. त्याच्या बायकोने काळा चहा दिला. तो आम्ही प्यालो. बोलायला विषय सापडेना. शेवटी त्यानेच वाडीचा विषय काढला: विहिरीचे पाणी यंदा मचूळ लागते, खालच्या बाजूच्या केळी पिवळ्या पडत आहेत, आणि शेजारच्या वाडीत भराव पडल्यापासून पावसाचे पाणी आपल्याकडे तुंबते. हे सारे त्याला ठाऊक होते आणि आम्हांला नव्हते. वाडीचा सातबारा आमच्या नावावर आहे.

निघताना त्याने विचारले, की शेठ, वाडी विकणार असे लोक म्हणतात, ते खरे का? नालासोपाऱ्याकडून येणाऱ्या इमारती आता किती जवळ आल्या आहेत, हे तो रोज पाहतो. वाडी गेली तर आमच्या हातात पैसा येईल. त्याच्या हातून काम जाईल. आम्ही त्याला अजून काही ठरलेले नाही, असे सांगितले. ते तेव्हा खरे होते. घरात त्यावर अजून बोलणे चालू आहे, आणि या वेळी त्या बोलण्यात त्याचे नाव येते.